जपानी कुंभाराकडे शिकायला जायचं असेल तर आधी माती निवडा

तुम्ही विचारलं आहे की पुण्यात काही वर्षं हौसेने पॉटरी करताय, चाकावर हात बसलाय, आता नोकरीतून वर्षभराची रजा काढून जपानमधल्या एखाद्या मोठ्या गुरूंकडे शिकायचंय, तर ते परदेशी माणसाला घेतात का आणि कोणाकडे जावं.

घेतात. मी तोचिगी प्रांतातल्या माशिको गावी एका ज्येष्ठ कुंभाराकडे राहून शिकलो आणि माझ्याआधीही त्यांच्याकडे बाहेरच्या देशांतले शिष्य राहून गेले होते. पण ‘कोणाकडे’ हे ठरवण्याआधी कुठल्या मातीत काम करायचंय ते ठरवा. तिथे प्रत्येक गुरूचा हात त्या गावच्या मातीने घडवलेला असतो. तुम्हाला त्यांची जी भांडी आवडतात, त्यांतला निम्मा भाग मातीचा असतो.

ओकायामा प्रांतातलं बिझेन घ्या. तिथली माती भातखाचरांखालून काढतात. बारीक, लोहाने भरलेली, चाकावर अतिशय सुंदर चालणारी, पण वाळताना आणि भाजताना खूप आकसणारी. आच एकदम वाढवली तर भांडं तडकतं. म्हणून तिथे ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, लावत नाहीत, आणि भट्टी पाइनच्या लाकडावर दहा ते चौदा दिवस धीमेपणाने चालवतात. भांड्यावर जे काही उमटतं ते राखेचं, ज्वाळेचं आणि भोवती गुंडाळलेल्या भाताच्या पेंढ्याचं असतं. तिथले अनेक कुंभार वर्षातून एकदा किंवा दोनदाच भट्टी लावतात. तुम्ही तीन महिन्यांसाठी गेलात आणि त्या काळात भट्टी लागलीच नाही, तर बिझेनचं मुख्य काम न पाहताच परत याल.

शिगा प्रांतातल्या शिगाराकीची माती खरबरीत. तिच्यातले फेल्डस्पार या खनिजाचे कण भाजल्यावर पांढऱ्या दाण्यांसारखे वर येतात, आणि मोठमोठी भांडी ती सहज पेलते. तुम्हाला मोठ्या आकारांची किंवा शिल्पाची ओढ असेल तर तिकडे बघा. तिथल्या सिरॅमिक सांस्कृतिक उद्यानात परदेशी कलाकारांना अर्ज करून काही काळ राहून काम करता येतं. भट्ट्या आणि कार्यशाळा त्यांच्याच. पण ते गुरूकडे राहणं नव्हे. तिथे तुमचं काम तुम्हीच करायचं असतं.

माशिकोबद्दल मी जास्त बोलणार, कारण ते मला आतून माहीत आहे. तिथे १८५३ च्या सुमारास कुंभारकाम सुरू झालं ते स्वयंपाकघरासाठी: पाण्याचे रांजण, वाटणाच्या कुंड्या, किटल्या. माती भरड आणि रेताड, नाजूक कामाला न मानवणारी. १९२० मध्ये इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच यांच्याबरोबर इंग्लंडला जाऊन सेंट आयव्हज इथे भट्टी उभारणारे जपानी कुंभार शोजी हामादा १९२४ मध्ये जपानला परतले आणि याच गावाकडे वळले. त्यांना दुसरीकडची उत्तम माती सहज मिळाली असती. त्यांनी गावचीच माती घेतली, गावच्याच दगडाचं तपकिरी-तांबडं ग्लेझ घेतलं आणि भाताच्या तुसाच्या राखेचं दुधी पांढरं. भरड मातीमुळे भांड्याची भिंत जाड, बैठक भक्कम आणि ग्लेझ पळीने ओतलेलं. त्यांचं चाकही हाताने, काठीने फिरवायचं होतं, आपल्या गावाकडच्या कुंभाराच्या चाकासारखं. १९५५ मध्ये जपान सरकारने त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान दिला. त्यांचे शिष्य तात्सुझो शिमाओका यांना तोच मान १९९६ मध्ये मिळाला. हामादांमुळे या गावाला बाहेरच्या माणसांची सवय झाली. पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांत काम चालत आलेल्या गावांपेक्षा इथे परक्याला आत शिरणं सोपं जातं.

आता शिकणं कसं असतं ते सांगतो, कारण इथे बऱ्याच जणांची निराशा होते. समजावून सांगणं जवळजवळ नसतं. सकाळी अंगण झाडायचं, लाकडं रचायची, ग्लेझ गाळायचं, वाळत घातलेल्या भांड्यांच्या फळ्या उन्हात न्यायच्या आणि वेळेवर सावलीत आणायच्या. माती मळायची, तीही अशी की प्रत्येक दाबाबरोबर गोळा थोडा फिरतो आणि त्यावर शेवंतीच्या पाकळ्यांसारख्या घड्या पडतात. त्यातून हवा निघते आणि माती सर्वत्र सारखी होते. नुसती माती मळायला तीन वर्षं लागतात असं तिथे म्हणतात. मग एक दिवस सेन्सेई, म्हणजे गुरू, त्यांचा एक पेला तुमच्यासमोर ठेवतात. तसाच करायचा, दिवसभर, दुसऱ्या दिवशीही. मातीचा मोठा उंचवटा चाकावर बसवायचा आणि त्याच्या टोकातून एकामागून एक पेले काढत दोऱ्याने कापायचे. तोम्बो नावाचं बांबूचं माप आत धरून खोली आणि तोंडाची रुंदी जुळवायची. संध्याकाळी सेन्सेई फळीवरून नजर फिरवतात, काही पेले ठेवतात, बाकीचे परत मातीच्या पिंपात. का, ते सांगत नाहीत. हळूहळू आपल्यालाच दिसायला लागतं की ठेवलेल्यांचं पोट थोडं खाली आहे, ओठ थोडा बाहेर आहे. उंचवट्यावरून काढलेल्या भांड्याचा तळ नीट दाबला नाही तर वाळताना त्यावर नागमोडी चीर पडते. हेही मला कोणी सांगितलं नाही, शेजारच्या शिष्याचा अंगठा तळावर किती वेळ थांबतो ते बघून कळलं.

‘झाडूच मारायला लावतात’ ही तक्रार तुम्ही ऐकली असेल. माझं मत ठामपणे वेगळं आहे. चाक तुम्ही पुण्यातही शिकाल. पण तूस जाळून त्याची राख किती वेळ कुटायची, कोणत्या लाकडाची राख ग्लेझला पातळ करते, पावसाळी हवेत भट्टी कशी वागते, हे सगळं त्या अंगणातल्या कामांतच आहे. परत आल्यावर तेच उपयोगी पडतं, कारण तिथली माती आणि तिथला दगड तुम्ही घेऊन येणार नाही. मी आता सिंधुदुर्गात काम करतो. इथे चिनी माती आहे, सिलिकाची वाळू आहे आणि गिरणीबाहेर तुसाचे ढीग आहेत. तुसाच्या राखेत ९० टक्क्यांच्या आसपास सिलिका असते, तीच त्या दुधी ग्लेझचा आधार. माशिकोच्या ग्लेझचं प्रमाण इथे जसंच्या तसं चालत नाही, पण चाचणीचे तुकडे लावत योग्य प्रमाणाकडे कसं जायचं ते तिथे हातात बसलेलं असतं. आपल्याकडे हे आधीही घडलंय. कुंभार सरदार गुरचरण सिंग १९१९ मध्ये जपानला गेले, तिथे लीच-हामादा यांच्या वर्तुळात वावरले आणि परतून दिल्लीत त्यांनी आपलं काम उभं केलं. बिझेनमध्ये शिकलेल्या डेबोरा स्मिथ यांनी रे मीकर यांच्याबरोबर १९७१ मध्ये पुदुच्चेरीत गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली. भारतातल्या आजच्या स्टोनवेअर, म्हणजे जास्त आचेवर भाजलेली टणक भांडी, करणाऱ्या कितीतरी कुंभारांचा धागा तिथे जाऊन पोचतो. हामादांच्या किंवा बिझेनच्या भांड्यांची नक्कल ना गुरचरण सिंग यांनी केली, ना डेबोरा स्मिथ यांनी.

व्यवहाराचं थोडक्यात. गुरूकडे शिकायला ‘सांस्कृतिक उपक्रम’ या प्रकारचा व्हिसा असतो. त्यासाठी गुरूंनी तिथून कागदपत्रं द्यावी लागतात आणि त्यावर पगाराचं काम करता येत नाही, म्हणजे राहण्या-खाण्याचे पैसे तुमचे. एक वर्ष हा पारंपरिक शिष्यत्वाला अपुरा काळ आहे. तिथले शिष्य कित्येक वर्षं राहतात. तेव्हा पत्रात ‘शिष्य करून घ्या’ असं न लिहिता वर्षभर हाताखाली काम करू द्या असं स्पष्ट लिहा. पत्र जपानीत हवं, आणि मध्ये ओळख करून देणारा माणूस असेल तर फार फरक पडतो. भाषा येत नाही म्हणता, तर निघण्याआधी किमान रोजचं बोलणं कळेल इतकी शिका. सूचना मोजक्या शब्दांत येतात आणि पुन्हा येत नाहीत. चाकाचंही बघा: जपानमध्ये ते सहसा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतं. तुमच्या स्टुडिओत उलट फिरत असेल तर आतापासूनच दिशा बदलून सराव करा.

मी तुमच्या जागी असतो तर आधी छोटा प्रवास केला असता. माशिकोत वर्षातून दोनदा भांड्यांचा बाजार भरतो, एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीच्या सुट्ट्यांत आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला. कुंभार स्वतः मांडवात बसलेले असतात. सगळीकडे फिरा, भांडी हातात घ्या, उलटी करून बैठक बघा आणि ज्या दोन-तीन जणांची भांडी पुन्हा पुन्हा उचलावीशी वाटली त्यांच्याकडून एकेक विकत घ्या. घरी येऊन ती रोज वापरा. सहा महिन्यांनी त्यांतल्या ज्याच्याशिवाय चहा प्यावासा वाटत नाही, तो पेला करणाऱ्या कुंभाराला पत्र लिहा. पत्राचा मसुदा मला पाठवलात तर मी तपासून देईन.