स्तन लहान करण्याचं ऑपरेशन: आत्ता, की लग्नानंतर?

तू लिहिलं आहेस, वय २४, मान-खांदे सतत दुखतात, ऑपरेशन करायचंय, पण आई म्हणते लग्न-मूल होईपर्यंत थांब. मी ३१व्या वर्षी करून घेतलं.

आईच्या बोलण्यात एक गोष्ट खरी आहे. पुढे बाळाला अंगावर पाजता येईलच, अशी खात्री कुणी देऊ शकत नाही. काहींना पुरेसं दूध येतं, काहींना वरचं द्यावं लागतं, काहींना येतच नाही. बरंचसं पद्धतीवर असतं. बहुतेकदा निपल आतल्या भागाला जोडलेलंच ठेवून वर सरकवतात, त्यामुळे रक्तपुरवठा आणि काही दुधाच्या नळ्या टिकतात. स्तन फारच मोठे असतील तर कधीकधी निपल पूर्ण काढून पुन्हा बसवावं लागतं. मग अंगावर पाजणं जवळजवळ संपतं, संवेदनाही बहुधा जाते. सर्जनना पहिला प्रश्न हाच विचार: माझ्यासाठी कोणती पद्धत, आणि का? गरोदरपणात किंवा वजन वाढलं की आकार पुन्हा वाढू शकतो, हेही धरून चाल. एवढं समजूनही आत्ताच करायचं असेल, तर जरूर कर. दुखणं तुझं आहे, अजून न भेटलेल्या नवऱ्याचं नाही.

व्रण राहतात. निपलभोवती, तिथून सरळ खाली, आणि बऱ्याचदा खालच्या घडीत आडवा. वर्ष-दीड वर्षात फिकट होतात, पण जात नाहीत. आधीच्या एखाद्या जखमेची खूण जाड, उंचवट्यासारखी झाली असेल तर डॉक्टरांना नक्की दाखव.

सिगारेट, तंबाखू, अगदी मिश्रीसुद्धा किमान महिनाभर आधी बंद हवी. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरत नाही.

पूर्ण भूल देतात, दोन ते चार तास लागतात. दुसऱ्या दिवशी उठून उभी राहिले तर खांद्यांवरचं ओझं उतरलेलं, मला रडूच आलं. पहिल्या आठवड्यात केस धुवायलाही माणूस लागतं. समोरून उघडणारे गाऊन आणून ठेव. चार ते सहा आठवडे पाण्याची भरलेली बादली उचलायची नाही.

विमा कंपन्या बऱ्याचदा याला सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया समजून नाकारतात. माझा क्लेम आधी नाकारलाच होता, कारण कागदावर दुखण्याचा उल्लेखच नव्हता. मानदुखी, ब्राच्या पट्ट्यांच्या खाचा, स्तनांखालचं पुरळ, घेतलेली फिजिओथेरपी, सगळं डॉक्टरांकडून लिहून घे आणि वैद्यकीय गरज असल्याचं पत्र लावून ऑपरेशनआधीच मंजुरी माग.

आणि सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डीएनबी ही पदवी आहे ना, ते बघ. त्यांच्या पेशंटचे वर्षभरानंतरचे फोटो माग, महिन्याभराचे नकोत.