आम्ही ठाण्यात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहोत. पॅडल मारून चालणारी पाणबुडी बनवता येईल का? सुरुवात कुठून करावी?

नक्की येईल. आम्ही सहा जणांनी रबाळे एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये बनवली आणि नेरूळच्या एका स्विमिंग पूलमध्ये चालवली. पण आम्ही पहिले चार महिने गिअर आणि पॅडलवर घालवले, ते चुकलं. तुम्ही तोलापासून सुरुवात करा.

ही पाणबुडी आतून कोरडी नसते. सगळा सांगाडा पाण्याने भरलेला, चालवणारा आत पालथा झोपलेला, तोंडात स्कूबाची नळी. त्यामुळे दाब झेलणारं जाड कवच लागत नाही. अमेरिकेत १९८९ पासून विद्यार्थ्यांच्या अशा शर्यती होतात. मॉन्ट्रियलच्या विद्यार्थ्यांच्या ‘ओमर ५’ने २००७ साली ८.०३५ नॉट गाठले, म्हणजे ताशी जवळपास १५ किलोमीटर. रस्त्यावर सायकल याहून सहज पळते, पण पाणी हवेच्या सुमारे ८०० पट दाट आहे आणि वेग दुप्पट करायला ताकद साधारण आठपट लागते. पायांत ती कुठून आणणार? म्हणून नाक खाली किंवा वर न जाता सरळ जाणारी पाणबुडीच जिंकते.

आमची पहिल्या दिवशी पाण्यात अगदी आडवी थांबली, आम्ही टाळ्या वाजवल्या. वीस मिनिटांनी शेपूट वर उचललं आणि नाक पूलच्या फरशीला घासत गेलं. जेलकोट, म्हणजे वरचा गुळगुळीत रेझिनचा थर, खरवडून आतली फायबरची मॅट दिसायला लागली. कारण हवेच्या टाकीत होतं. १२ लिटरच्या टाकीत २०० बार दाबाने भरलेल्या हवेचं वजन तीन किलोच्या आसपास असतं. अर्धी टाकी संपली की दीड किलो गेलं, आणि आमची टाकी होती शेपटाकडे. मग ती छातीखाली, मधोमध घेतली. फोम वरच्या बाजूला चिकटवला, शिसं तळाला ठेवलं, म्हणजे पाणबुडी कुशीवर वळत नाही. शिसं दिवाळे कोळीवाड्यातून आणलं, जाळ्याला लावतात ती वजनं. थोडी थोडी सरकवून बघायला फार सोयीची पडतात.

साच्यासाठी थर्माकोल कोरणार असाल तर त्यावर थेट पॉलिस्टर रेझिन लावू नका, थर्माकोल विरघळतो. एपॉक्सी वापरा. आणि हे काम पावसाळ्याआधी उरका, दमट हवेत थर नीट बसत नाहीत.

ठाण्याची खाडी किंवा उपवन तलावात कृपा करून उतरू नका. गढूळ पाण्यात अडकलेला माणूस वरून दिसत नाही. पूल घ्या, शिकलेला डायव्हर सोबत ठेवा आणि आत बसणाऱ्याने स्कूबाचं रीतसर प्रशिक्षण घ्यायलाच हवं. टाकीची हवा घेतल्यावर श्वास रोखून वर आलं तर दोन-तीन मीटरवरूनही फुफ्फुस फाटू शकतं. चालवणाऱ्याच्या हातात धरायला एक मूठ (हँडल) ठेवा, ती सुटली की दोरीला बांधलेला बोया, म्हणजे तरंगणारी खूण, आपोआप वर यावा. शर्यतीतही हा नियम असतो. दार आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून एका हाताने उघडलं पाहिजे. आम्ही शेडमध्ये जमिनीवर डोळ्यांवर पट्टी बांधून बाहेर येण्याचा सराव करायचो. दहा सेकंदांत जमलं नाही, तर त्या दिवशी त्याला पाण्यात सोडायचो नाही.