ज्योने लॉरीला नकार का दिला?

तुम्ही विचारलं आहे की लुइझा मे अल्कॉटच्या 'लिटल विमेन'मध्ये शेजारचा श्रीमंत आणि इतका जिवाभावाचा मित्र लॉरी सोडून चार बहिणींपैकी ज्यो चाळिशीला टेकलेल्या गरीब जर्मन प्रोफेसरशी लग्न करते, हे लेखिकेने का केलं? आपल्याकडे शांताबाई शेळक्यांच्या 'चौघीजणी'मुळे ही कादंबरी घरोघरी पोचली, आणि ती वाचलेल्या बहुतेक मुलींना हाच प्रश्न छळतो.

बाहेरचं कारण आधी सांगते. पहिला भाग 1868 मध्ये आला तेव्हा थोरल्या बहिणीचं, मेगचं, लग्न ठरण्यापर्यंतच गोष्ट आली होती. लगेच वाचक मुलींची पत्रं सुरू झाली: बाकीच्यांची लग्नं कोणाशी होणार? अल्कॉट वैतागली. बाईच्या आयुष्याचं सार्थक जणू लग्नातच आहे असं या मुली विचारतात, आणि कोणाला खूश करायला मी ज्योचं लॉरीशी लग्न लावणार नाही, असं तिने डायरीत लिहून ठेवलं. अल्कॉटला ज्योला अविवाहित लेखिकाच ठेवायचं होतं. ती स्वतःही तशीच राहिली. पण लग्नाचा आग्रह इतका होता की साफ नाही म्हणायची तिला हिंमत झाली नाही, म्हणून मुद्दामच तिने एक विजोड वाटेल असा नवरा शोधला.

एवढ्यावर मात्र माझं समाधान होत नाही, कारण पुस्तकातच याहून चांगलं उत्तर आहे. लॉरी मागणी घालतो ते प्रकरण पुन्हा वाचा. आपण दोघंही तापट, आपलं जमणार नाही, हे ज्यो सांगते आणि आपल्या लक्षात तेवढंच राहतं. पण ती पुढे म्हणते की तुझा तो श्रीमंती गोतावळा मला मानवणार नाही, तुला माझं लिहिणं आवडणार नाही, आणि लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही. मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं. आजारी वडिलांकडे आई निघते तेव्हा पंचवीस डॉलरला केस विकून येणारी मुलगी ही! पुढे कथेला शंभर डॉलरचं बक्षीस मिळतं, त्यातून ती आजारी धाकट्या बहिणीला, बेथला, आणि आईला समुद्रकाठी हवापालटाला पाठवते. तिचं लिहिणं हा फावल्या वेळचा छंद नाही, घर त्यावर चालतं. खुद्द अल्कॉटच्या घरीही तेच होतं. वडील तत्त्वचिंतक, कमाई बेताची. कुटुंब तगलं ते लुइझाच्या लेखणीवर. लॉरीच्या घरात ज्योला कमवायची गरजच उरली नसती, आणि तिथे ती घुसमटली असती.

आता प्रोफेसर भेअर. त्याच्यावरचा तुमचा राग मला कळतो. सनसनाटी कथांवर तो कडाडून टीका करतो आणि ज्यो आपल्या कथा शेगडीत घालते, ते वाचताना मलाही आजही त्रास होतो. त्याने तिला जाळायला सांगितलेलं नसतं, तरीही. पण तो नंतर तिच्या गावी येतो तो कशामुळे? वर्तमानपत्रात छापून आलेली तिची कविता वाचून. आणि छत्रीखालच्या त्या प्रसंगात लग्नाला होकार देताना ज्यो त्याला बजावते की माझा वाटा मी उचलणार, घरासाठी मीही कमावणार. कबूल नसेल तर मी येणार नाही. तो कबूल होतो. लॉरीला असं काही सांगायची वेळच आली नसती, त्याच्याकडे सगळं आयतं होतं.

लग्न करून तिचं लिहिणं सुटलं अशी हळहळ तुम्हाला वाटत असेल, तर याच कथेतलं पुढचं, 1886 साली आलेलं 'ज्योज बॉइज' जरूर वाचा. त्यात ज्यो नामवंत लेखिका झालेली आहे, आणि दारात येणाऱ्या चाहत्यांनी तिला अगदी हैराण केलं आहे.