जीपचा पत्रा आधी, कप्पे मागाहून

खानापूर तालुक्यातल्या एका शिक्षकांनी लिहिलं आहे: "वडिलांची महिंद्रा सीजे थ्री बी जीप आहे, पेट्रोल, पहिली नोंदणी १९७७ ची. तळाचा पत्रा सडलाय. बेळगावात उद्यमबागेतल्या एका फॅब्रिकेटरनं १,८५,००० रुपयांचं कोटेशन दिलंय. जुना फ्लोअर कापून चेकर प्लेट (उठावाच्या नक्षीची जाड लोखंडी प्लेट) बसवायला ५५,०००, मागची बाकडी काढून सरकते ड्रॉवर आणि सामानाचे कप्पे करायला ८०,०००, रंग आणि वायरिंगला ५०,०००. १,४०,००० ची एफडी डिसेंबरात संपते. ती आत्ताच मोडून ८५,००० घ्यावेत आणि बायकोच्या दागिन्यांवर १०.५ टक्क्यांनी एक लाख उचलावेत, असा विचार आहे. पगार हातात ६२,००० येतो. मुलगी बारावीला आहे. नंतर जीप जांबोटी-चोर्ल्याकडं येणाऱ्या पर्यटकांना भाड्यानं दिली तर पैसे वसूल होतील का?"

सर, वडिलांची गाडी अंगणात गंजताना बघणं किती जड जातं, ते मला ठाऊक आहे. माझ्या मामांची अशीच जीप होती. एका पावसाळ्यानंतर ड्रायव्हरच्या पायाखालचं रबरी मॅट उचललं, तर खाली पत्र्याऐवजी तपकिरी भुगा, आणि त्यातून थेट जमीन दिसत होती. त्यामुळं "गाडीवर खर्चच करू नका" असं मी सांगणार नाही. पण तुमच्या कोटेशनात तीन वेगळी कामं एकत्र बांधून आली आहेत आणि त्यांतलं एकच यंदा करण्यासारखं आहे.

आधी पैशांकडं बघू. पगार ६२,०००. घराचा हप्ता १८,५००, घरखर्च २७,०००, मुलीचा क्लास ४,५००, एसआयपी ६,०००. तुमच्याच आकड्यांनी महिन्याला ६,००० उरतात. टाळता न येणारा खर्च ५०,००० आहे, म्हणजे १,४०,००० ची एफडी ही घराची जेमतेम तीन महिन्यांची शिदोरी. एफडी मोडण्याचा दंड फार नाही, बहुतेक बँका व्याज एखादा टक्का कमी देतात. माझी हरकत त्या दंडाला नाही. ८५,००० काढल्यावर मागं ५५,००० राहतात, आणि एवढ्यात एक महिना जेमतेम निघतो.

आता सोनेतारण. तुम्हाला जे कर्ज सांगितलंय, त्यात मुद्दल आणि व्याज वर्षाअखेरीस एकदम भरायचं आहे. आज जुलै आहे, म्हणजे पुढच्या जुलैत १,१०,५०० रुपये. महिन्याचे सहा हजार एक रुपया न चुकता बाजूला टाकले तरी वर्षाचे ७२,००० होतात. ३८,५०० कमी पडतात, आणि ते नेमके मुलीच्या प्रवेशाच्या महिन्यात. केसीईटीची, म्हणजे कर्नाटकातल्या सीईटीची, फेरी असो वा महाराष्ट्रातलं कॉलेज, पहिल्या वर्षाची फी, वसतिगृहाची अनामत, गादी-भांडी-पुस्तकं हे सगळं जून ते ऑगस्टमध्ये येऊन आदळतं. तेव्हा वहिनींचे दागिने सोडवायचे की फी भरायची, हा प्रश्न घरात उभा राहील. पत्रात वहिनींचं मत कुठंच आलेलं नाही. दागिने त्यांचे आहेत, तेव्हा हा हिशेब त्यांच्यासमोर मांडा.

प्रवेशाचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशात सीमाभागातल्या मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठी वेगळा उमेदवारी प्रकार आहे. मुलीचा तिकडं विचार असेल तर शाळेचे दाखले आणि मातृभाषेचा पुरावा दिवाळीच्या सुट्टीतच गोळा करून ठेवा. घाईत कागद मिळत नाहीत.

भाड्याचं उत्तर सरळ आहे: नाही. तुमची नोंदणी खाजगी आहे, पांढऱ्या पाटीची. भाड्यानं माणसं फिरवायची तर परमिट लागतं. ते नसताना चोर्ला घाटात काही झालं तर विमा कंपनी हात वर करेल, आणि जखमी माणसाची भरपाई तुमच्या पगारातून जाईल. वसुलीचा रकाना शून्य धरा. जीप विकताना ड्रॉवरचे ८०,००० कोणी मोजून देईल, हेही धरू नका. जुन्या जीपचा शौकीन मूळ रूपाला पैसे देतो, दुसऱ्याच्या आवडीच्या कप्प्यांना नाही.

आता फ्लोअर. हे काम मात्र खरंच करायला हवं, आणि लांबवण्यासारखंही नाही. आरसीची मुदत येत्या मार्चमध्ये संपते असं तुम्ही लिहिलंय. पंधरा वर्षांनंतर खाजगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवावी लागते आणि त्याआधी गाडी तपासली जाते. तळाला भोकं असलेली गाडी घेऊन कुठल्या तोंडानं जाणार? वीस वर्षांवरच्या हलक्या मोटारीचं नूतनीकरण शुल्क २०२५ पासून १०,००० रुपये झालंय, तेही हिशेबात घ्या.

पण चेकर प्लेट नको. तीन मिलिमीटरची प्लेट चौरस मीटरला साडेतेवीस किलोच्या वर भरते. १६ गेजचा, म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर जाडीचा, साधा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा साडेबारा किलो. जीपच्या तळाला साधारण दोन चौरस मीटर धरले, तर तुम्ही वीस-बावीस किलो लोखंड फुकट वाहून नेणार, तेही चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या गाडीत. वर ड्रॉवरांचं वजन वेगळंच. शिवाय जाड प्लेट जुन्या पातळ पत्र्याला नीट जुळत नाही. सांध्यात पाणी बसतं आणि गंज पुन्हा तिथूनच सुरू होतो. मूळ जाडीचा पत्रा मूळ आकारात वाकवून घ्या. बेळगावात पत्रा वाकवणाऱ्या हातांना तोटा नाही, आणखी दोन कोटेशन सहज मिळतील.

तुम्ही स्वतः करण्यासारखी एक तपासणी आहे. मॅट काढा आणि मोठा स्क्रू ड्रायव्हर घेऊन गाडीखाली जा. फ्लोअरच्या खालून आडव्या पट्ट्या गेल्या आहेत, त्यांच्यावर टोक दाबून बघा. कडक लागलं तर फक्त वरचा पत्रा बदलायचा आहे. टोक आत गेलं तर पट्ट्याही गेल्या, काम वाढलं. बॉडी चासीवर बोल्टनं बसलेली असते, त्या बोल्टांभोवती आणि चासीवरही असंच टोचा. चासीच खाल्लेली निघाली तर थांबा आणि मला पुन्हा लिहा, मग हा सगळा हिशेब बदलतो. फॅब्रिकेटरला हे आधी दाखवलंत तर काम अर्धं झाल्यावर "साहेब, अजून वीस हजार लागतील" हे ऐकावं लागणार नाही.

कप्प्यांसाठी बाकडी काढण्याचा बेत सोडा. आरसीवर आसनसंख्या लिहिलेली असते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की, आरसीवरच्या नोंदी बदलतील असा फेरफार गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलंय. मालकाला दर फेरफारामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. बाकडी जागेवर राहू देत. त्यांच्याखाली बसतील अशा प्लायच्या दोन पेट्या सुताराकडून करून घ्या, पट्ट्यानं आवळा, हव्या तेव्हा उचलून बाहेर ठेवा. दोरखंड, जॅक, हत्यारं, शेतावरची पोती, डबे यांना तेवढी जागा पुष्कळ झाली. घरात जुनी पत्र्याची ट्रंक असेल तर यंदा तिच्यावरच भागवा.

अजून एक कारण. २०२७ मध्ये जीपला पन्नास वर्षं पूर्ण होतात. २०२१ मध्ये आलेल्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची खाजगी दुचाकी-चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. शुल्क २०,०००, मुदत दहा वर्षं, पुढचं नूतनीकरण ५,०००. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, रॅली, इंधन, देखभाल एवढ्यापुरतीच. तुम्हाला ती शेतावर न्यायची आहे, म्हणून आज ही नोंदणी तुमच्या कामाची नाही. पण दहा वर्षांनी जीप फक्त सणावारी काढावीशी वाटली तर? मूळ आकाराचा पत्रा टाकला तर ती वाट निदान आपल्या हातानं बंद होत नाही. काम सुरू होण्याआधी आणि मधे फोटो काढा, कापलेले तुकडे जपा.

आता वेळापत्रक. जुलैत जांबोटीच्या पावसात वेल्डिंग आणि रंग करू नका, प्रायमरखाली ओल अडकते. जीप छपराखाली घ्या, मॅट काढून तळ कोरडा होऊ द्या. जुलै ते जानेवारी महिन्याचे ६,००० साठवले की ४२,००० होतात. डिसेंबरात एफडी संपेल, साडेसहा टक्क्यांनी ९,१०० व्याज येईल. मुद्दल पुन्हा ठेवा, व्याज तेवढं जीपला. जानेवारीअखेर हाताशी ५१,१००. चेकर प्लेट वगळल्यावर फ्लोअर त्याच्या आसपास बसायला हवा. फेब्रुवारी-मार्चचे १२,००० नूतनीकरणाला. कोटेशन पुरं ५५,००० राहिलं तरी सगळं मिळून १,९०० रुपये कमी पडतात. तेवढ्यासाठी दागिने बँकेत जायला नकोत.

वायरिंगमधली जी तार उघडी असेल ती फ्लोअरसोबतच बदला, बाकी रंगरंगोटी मुलीचा प्रवेश झाल्यावर. विमा थर्ड पार्टीचा आहे तोवर आग-चोरीचं तुम्हाला काहीच मिळणार नाही, म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात असू द्या. या जीपची पेट्रोल टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, तुम्ही कापणार त्या पत्र्याला लागूनच. ती उतरवून गॅरेजच्या बाहेर नेल्याशिवाय आणि बॅटरीची तार सोडल्याशिवाय कोणालाही वेल्डिंगची कांडी पेटवू देऊ नका. त्या दिवशी शाळेत रजा टाका आणि स्वतः उभे राहा.