शंका-समाधान : घाटेअळीतून निघालेली माशी कोणती?

प्रश्न : सांवेरकडे आमची शेती आहे. हरभऱ्यावरच्या सात-आठ घाटेअळ्या एका बरणीत ठेवल्या होत्या. त्यातल्या काही मेल्या, तळाशी तपकिरी दाण्यांसारखे कोष दिसले आणि पुढे त्यांतून घरमाशीएवढ्या करड्या, केसाळ माश्या निघाल्या. फोटो पाठवत आहे. ही परजीवी माशी आहे का? तिचं शास्त्रीय नाव काय? – एक वाचक, इंदूर

उत्तर : फोटोवरून ही टॅकिनिडी कुळातली माशी दिसते. म्हणजे परजीवी खरी, आणि शेतकऱ्याच्या बाजूची. पण फोटोवरून जातीचं नाव देणं चुकीचं ठरेल. भारतात घाटेअळीवर कार्सेलिया इलोटा, गोनिऑफ्थाल्मस हाली, पॅलेक्सोरिस्टा लॅक्सा अशा एकाहून अधिक टॅकिनिड माश्यांची नोंद आहे. वरवर पाहता त्या सगळ्या करड्या आणि केसाळच दिसतात.

आधी कुळाची खात्री करून घ्या. दहापट किंवा वीसपट मोठं दाखवणारं भिंग पुरेल. पाठीवरच्या पट्ट्यांवर विसंबू नका. घरमाशीच्या पाठीवर चार काळे पट्टे असतात आणि बऱ्याच टॅकिनिड माश्यांच्या पाठीवरही चारच असतात. पंखातली टोकाकडे वळलेली शीरही दोघींत सापडते. माशी आडवी धरून बाजूने पाहा. छातीच्या मागच्या टोकाला स्क्युटेलम ही त्रिकोणी ढाल असते. टॅकिनिड माशीत तिच्या बरोबर खाली आणखी एक फुगीर उंचवटा ठळक दिसतो. हे सबस्क्युटेलम. मग मागच्या पायाच्या बुडाच्या वर, हॉल्टरच्या (पंखामागच्या छोट्या दांडीसारख्या अवयवाच्या) जरा पुढे नजर न्या. तिथे राठ केसांची उभी ओळ हवी. घरमाशीला ती नसते. मांसमाशीला ही ओळ असते, पण तो फुगीर उंचवटा नसतो. तिच्या पाठीवर पट्टे तीन असतात आणि पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन दिसतात. उंचवटा आणि केसांची ओळ, दोन्ही एकत्र दिसली की टॅकिनिडी म्हणायला हरकत नाही.

मांसमाशीचा उल्लेख मुद्दाम केला. मेलेल्या, सडू लागलेल्या अळीवर मांसमाशी किंवा बारीक कुबडी फोरिड माशी येऊन बसते आणि तिची पिल्लंही त्याच बरणीत वाढतात. सगळ्या अळ्या एकत्र ठेवल्या तर कोणती माशी कोणत्या अळीतून आली, अळी जिवंत असताना आली की मेल्यावर, यातलं काहीच सांगता येत नाही. त्यातून घाटेअळ्या एकमेकींना खातात. म्हणून पुढच्या वेळी प्रत्येक अळीला वेगळी डबी द्या. तळाशी चार-पाच सेंटिमीटर ओलसर वाळू, तोंडाला मलमलीचा तुकडा, रोज ताजे घाटे किंवा भेंडीची चकती. जुनं खाणं आणि विष्ठा रोज काढायची. झाकण घट्ट लावलं तर आत पाणी सुटतं आणि अळ्या बुरशीने जातात. अळी काळवंडून लोंबकळली आणि हात लावताच पाण्यासारखी फुटली, तर तो विषाणूचा रोग आहे. त्या डबीतून माशीची वाट पाहू नका.

माशीची पांढरट, बिनपायांची अळी यजमानातून, म्हणजे जिच्यात ती वाढली त्या घाटेअळीतून किंवा तिच्या कोषातून, बाहेर पडली की थोड्याच वेळात तिची कातडी कडक होऊन पिंपाच्या आकाराचा, दोन्ही टोकांना गोल असलेला कोष बनतो. घाटेअळीचा स्वतःचा कोष निमुळता असतो आणि त्यावर पंख-पायांचे ठसे दिसतात. माशीची अळी घाटेअळीतून निघाली की तिच्या कोषातून, हे तारखेसह लिहून ठेवा. ओळख पटवताना ही नोंद फार कामी येते. उबदार हवेत माशी साधारण दहा-बारा दिवसांत बाहेर येते, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत जास्त दिवस लागतात.

माशी निघाली रे निघाली की तिला मारू नका. तेव्हा रंग फिका आणि अंग मऊ असतं, वाळल्यावर डोकं आणि पोट चेपतं. एक दिवस स्वच्छ नळीत, मधाच्या पाण्यात बुडवलेल्या कापसाच्या बोळ्यासह ठेवा, मग दोन-तीन तास फ्रीजरमध्ये. अल्कोहोलमध्ये टाकू नका. अंगावरची रुपेरी भुकटी आणि केसांची ठेवण ही तिची ओळख, आणि अल्कोहोलमध्ये केस चिकटतात. कीटकांसाठीची एक नंबरची पिन छातीच्या मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे खोचा, म्हणजे डाव्या बाजूचे केस शाबूत राहतात. शिवणकामाची टाचणी जाड असते आणि गंजते. रिकामा कोष त्याच पिनेखाली कार्डाला चिकटवा. चिठ्ठीवर गाव, तारीख, पीक, यजमान अळी आणि गोळा करणाऱ्याचं नाव लिहा. पेटीत डांबरगोळी हवीच. आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी धरते आणि मुंग्या तर एका रात्रीत पेटी साफ करतात.

पुढची पायरी प्रजातीची (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) आणि मग जातीची. कार्सेलियाच्या डोळ्यांवर दाट केस असतात, पण एवढ्यावर निकाल लागत नाही. डोक्यावरच्या आणि छातीवरच्या राठ केसांची मोजणी, पायांवरचे केस आणि शेवटी नराच्या जननेंद्रियाची रचना पाहावी लागते. त्यासाठी पोटाचं टोक दहा टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये मऊ करून ग्लिसरीनमध्ये उलगडतात. हे काम तज्ज्ञाकडे सोपवा. बेंगळुरूची राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन संस्था किंवा भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं जबलपूर केंद्र यांना आधी पत्र लिहून विचारा. नर आणि मादी दोन्ही पाठवा. जमल्यास एका माशीचा एक पाय 95 टक्क्यांहून तीव्र इथेनॉलमध्ये वेगळा ठेवा, डीएनए तपासणीला तो पुरतो. तोवर चिठ्ठीवर फक्त ‘टॅकिनिडी’ लिहा. अर्धवट खात्रीचं जातीचं नाव एकदा छापून आलं की वर्षानुवर्षं निघत नाही.

प्रश्न : रेशीमकिड्यावरच्या उझी माशीला एका पुस्तकात ट्रायकोलायगा बॉम्बिसिस, दुसऱ्यात एक्झोरिस्टा सॉर्बिलान्स, तिसऱ्यात एक्झोरिस्टा बॉम्बिसिस म्हटलं आहे. बरोबर कोणतं?

उत्तर : तुतीच्या रेशीमकिड्यावरच्या आपल्याकडच्या माशीसाठी आता एक्झोरिस्टा बॉम्बिसिस वापरतात. पुढे लुई हे नाव कंसात असतं. नाव देणाऱ्याने जात आधी दुसऱ्या प्रजातीत घातली होती आणि ती नंतर हलवली, असा त्या कंसाचा अर्थ. एक्झोरिस्टा सॉर्बिलान्स ही वीडमानने 1830 मध्ये वर्णन केलेली वेगळी जात आहे. दोघींचा घोळ जुन्या लिखाणात सर्रास सापडतो. बंगालमधून ही माशी 1980 मध्ये कर्नाटकात पोहोचली, तेव्हाचे अहवाल वाचताना नावं बदललेली आहेत हे ध्यानात ठेवा. टसरवरची उझी मात्र वेगळ्याच प्रजातीतली, ब्लेफारिपा झेबिना.

प्रश्न : माशीच्या कोषातून माशीऐवजी बारीक काळे कीटक निघाले. हे काय?

उत्तर : त्या परजीवी गांधीलवर्गीय कीटकांच्या बारीक जाती आहेत, माशीवर जगणाऱ्या. उझी माशीविरुद्ध सोडतात ती नेसोलिंक्स थायमस अशीच. कोष पाहा : माशी टोकाची गोल टोपी उघडून बाहेर येते, हे कीटक कुरतडून लहान भोक पाडतात. एका कोषातून कितीही निघाले तरी सगळे त्याच कोषासह एका नळीत ठेवा. यांना 70 टक्के अल्कोहोल चालतं.