आयत्या वेळचे विषय

नौपाडा, ठाणे

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री पावणेबाराला आलेला तुझा मेसेज मी आज सकाळी वाशीच्या गाडीत वाचला. ‘काकू, मी अॅडमिनपद सोडते. मला हे जमणार नाही.’ ऐरोली येईपर्यंत तीनदा वाचला. मग आपला डिस्कॉर्डवरचा प्रोग्रामरांचा ग्रुप उघडून तो सगळा धागा वरपासून खालपर्यंत वाचून काढला. ऑफिसातून उत्तर द्यायचं मुद्दाम टाळलं. घाईघाईत ‘होईल सगळं नीट’ एवढंच लिहिलं गेलं असतं, आणि तेवढ्याने तुझं भागलं नसतं. आता घरी येऊन, स्वयंपाक आटोपून निवांत लिहिते आहे.

पद सोडायचं की नाही ते तू ठरव. पण आज सोडू नकोस. एक काम उरलं आहे, ते आधी होऊ दे.

धाग्याची सुरुवात आठवते का तुला? पनवेलच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीने विचारलं होतं : ‘मी ठाणे या शब्दाची लांबी मोजली. पायथनमध्ये ४ आली, सी मध्ये १२ आली. मला तर दोनच अक्षरं दिसतात. माझं काय चुकतंय?’ किती छान प्रश्न आहे हा! इतकी वर्षं या धंद्यात काढली, पण असा नेमका प्रश्न क्वचित कुणी विचारतं. पहिल्याने ‘युनिकोड वाच’ म्हणून सांगितलं, म्हणजे लिप्यांतल्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणारी ती पद्धत. दुसऱ्याने लिहिलं, मराठी मजकूर देवनागरीत साठवायचाच कशाला, रोमनमध्ये ठेव, कटकट नको. तिथे ठिणगी पडली. तिसऱ्याने त्याचा मराठी बाणा काढला, चौथ्याने तिसऱ्याच्या मुलांच्या शाळेचं माध्यम काढलं, पाचव्याने पायथनवाल्यांची अक्कल काढली. विषयाला फाटे फुटत गेले. पन्नास-साठ प्रतिसादांनंतर धाग्यात ‘ठाणे’ हा शब्दसुद्धा दिसेना. सव्वाअकराला तू ‘अवांतर. धागा बंद.’ असं लिहून कुलूप लावलंस, आणि मग दोन्हीकडचे लोक तुझ्यावर तुटून पडले.

तुला लागलं आहे. लागणारच. पण त्या गदारोळाच्या मधोमध, दहा वाजून पाच मिनिटांनी, त्या मुलीची आणखी एक ओळ आहे. ‘सॉरी, माझ्यामुळे भांडण झालं.’ तिच्याखाली तिच्यासाठी कुणी एक अक्षर लिहिलेलं नाही. मी तिथेच थांबले. घणसोली कधी आलं तेही कळलं नाही, धावत उतरावं लागलं.

उरलेलं काम ते हे. तिला आजच खाजगीत लिही. भांडण तिच्यामुळे झालेलं नाही हे आधी सांग, आणि लगेच उत्तर दे. तिन्ही आकडे बरोबर आहेत. युनिकोडमध्ये ठ वेगळा, काना वेगळा, ण वेगळा, मात्रा वेगळी. असे चार कोड पॉइंट, म्हणजे क्रमांक दिलेली चार चिन्हं, आणि पायथन तेच मोजतो. ही चिन्हं साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक कोड पॉइंटला ३ बाइट लागतात. सी मधलं फंक्शन बाइट मोजतं, म्हणून १२. आणि डोळ्यांना दिसतात ती दोन अक्षरं, ठा आणि णे, त्यांना ग्राफीम क्लस्टर म्हणतात. स्विफ्टसारखी भाषा सरळ २ सांगते. तिला म्हण, आता ‘क्ष’ची लांबी मोजून बघ. दिसतं एक अक्षर, पण पायथन ३ म्हणेल : क, हलन्त आणि ष. हे तिला स्वतःला सापडलं की तिचा चेहरा कसा उजळेल याचा मी दिवसभर विचार करत होते.

आता, इतकी माणसं जमली असताना हे उत्तर कुणीच का दिलं नाही? ती माणसं वाईट नाहीत. त्यांतल्या चौघांना मी ओळखते, एरवी दुसऱ्याच्या अडचणीसाठी रात्र रात्र जागणारी आहेत. उत्तर द्यायला युनिकोड माहीत असावं लागतं. शाळेच्या माध्यमावर मत द्यायला मात्र काहीच लागत नाही. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत दर वर्षी हेच दिसतं. स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल पाच मिनिटांत मंजूर, कारण त्यातलं कुणाला फारसं कळत नाही. फाटकाला रंग कोणता द्यायचा यावर पाऊण तास. पार्किन्सन नावाच्या इंग्रज लेखकाने १९५७ मध्येच हे नेमकं पकडलं होतं : अणुभट्टीचा खर्च समिती झटकन मंजूर करते आणि सायकलींच्या शेडवर अडून बसते. १९९९ मध्ये फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्या मंडळींत असाच वाद पेटला. सांगितलेले सेकंद नुसतं थांबून राहणाऱ्या ‘स्लीप’ या साध्या कमांडला अपूर्णांकातले सेकंद देता यावेत का, एवढाच मुद्दा होता. तेव्हा त्यांच्यातल्याच पोल-हेनिंग काम्पने सगळ्यांना या सायकल-शेडची आठवण करून दिली, आणि प्रोग्रामरांच्या तोंडी तो शब्द कायमचा बसला.

पण आमच्या त्याच सभेच्या विषयपत्रिकेवर शेवटी एक ओळ छापलेली असते. ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय.’ मधेच पार्किंगवर बोलायला उठलेल्या माणसाला आमचे अध्यक्ष खाली बसवत नाहीत. ते म्हणतात, ‘तुमचा विषय शेवटी घेतो. सेक्रेटरी, लिहून घ्या.’ माणूस बसतो, कारण आपलं म्हणणं वहीत गेलेलं त्याला दिसतं. आपल्या ग्रुपमध्ये ही ओळच नाही. एक वेगळं चॅनल काढ, नाव ‘अवांतर’ ठेव. मराठी मजकूर कोणत्या लिपीत साठवावा हा विषय खरं तर चांगला आहे. त्यात शोध येतो, अकारविल्हे लावणं येतं, आडनावांची स्पेलिंगं येतात. त्या दुसऱ्या प्रतिसादापाशीच तू ‘हा विषय तिकडे घेऊया’ म्हणून तिकडे नवा धागा काढून दुवा दिला असतास, तर निम्मं भांडण चर्चा झालं असतं. कुलुपाने सुक्याबरोबर ओलंही जळलं.

अवांतर म्हणजे कचरा, असं मनात धरू नकोस. लिनक्ससुद्धा कधीकाळी अवांतरच होतं. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्सने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपल्या नव्या ऑपरेटिंग सिस्टिमची खबर दिली ती मिनिक्स या दुसऱ्याच सिस्टिमवर बोलणाऱ्यांच्या कट्ट्यावर, यूजनेट या तेव्हाच्या चर्चागटांच्या जाळ्यात. मिनिक्स लिहिणारे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाउम यांनी २९ जानेवारी १९९२ रोजी तिथेच लिहिलं की लिनक्स कालबाह्य आहे, अशा घडणीची सिस्टिम बांधणं म्हणजे सत्तरच्या दशकात परत जाणं. बावीस वर्षांच्या लिनसने तडकून उत्तर दिलं, आणि ते उत्तर चांगलंच बोचरं होतं. या वादातले तांत्रिक मुद्दे लोक आजही अभ्यासतात, मला मात्र त्यातली एक बारीकशी घडामोड जास्त मोलाची वाटते. कट्ट्यावरच्या एका माणसाने लिनसला खाजगीत, मैत्रीच्या सुरात कळवलं की असं करत नसतात. लिनसने सगळ्यांसमोर कबूल केलं की आपण अति केलं, टॅनेनबाउम यांची माफी मागितली आणि त्या मित्राचे आभारही मानले. ते काम कुलुपाने झालं नसतं. आणि त्याच वर्षी लिनक्सवाल्यांचा स्वतःचा वेगळा कट्टा उभा राहिला.

खाजगीत सांगायचं असतं हे मला फार उशिरा कळलं. पंधराएक वर्षांपूर्वी डेटाबेसवाल्यांच्या एका समूहात मी तुझ्याच जागी होते. एक गृहस्थ जिथे तिथे, कुठलाही विषय असो, एकच सांगायचे : बॅकअप परत चढवण्याच्या आपल्या लेखी सूचनांत एक पायरी चुकली आहे. मी सगळ्यांसमोर लिहिलं, ‘ही तिसरी ताकीद. विषयाला धरून बोला.’ आणि धागा बंद केला. त्यानंतर ते कधीच दिसले नाहीत. पाच-सहा महिन्यांनी एका गिऱ्हाइकाचा सर्व्हर बसला. पहाटे तीनला मी त्याच सूचना समोर ठेवून बॅकअप चढवत होते, आणि तो चढेना. ते सांगत होते तीच पायरी चुकीची निघाली. सूचना दुरुस्त केल्या, त्यांना निरोप पाठवला, पण त्यांनी खातं बंद केलेलं होतं. त्यांची माफी मागायची राहिली ती आजही राहिलेलीच आहे.

म्हणून तुला सांगते, माणूस भरकटतोय असं वाटलं की आधी दोन ओळी खाजगीत लिही. त्यात ताकीद नको. ‘तुमचा मुद्दा मला कळतोय, तो वेगळा काढूया का?’ एवढं विचार. बहुतेक माणसं इथेच थांबतात. थांबली नाहीत तर स्लो मोड लाव. डिस्कॉर्डवर दोन मेसेजांमधलं अंतर ५ सेकंदांपासून ६ तासांपर्यंत वाढवता येतं. कालच्यासारखा प्रसंग असेल तर पंधरा मिनिटं ठेव. पंधरा मिनिटं थांबून लिहिलेलं उत्तर वेगळंच उतरतं.

कुलूप लावायची वेळ आलीच तर कारण मात्र जपून लिही. काल तुझं खरं चुकलं ते इथे. प्रोग्रामर कोड ठेवतात त्या गिटहब संकेतस्थळावर चर्चा बंद करताना चार कारणं समोर येतात : अवांतर, वातावरण तापलंय, प्रश्न सुटला, स्पॅम. यांतली पहिली दोन एक नव्हेत. काल वातावरण तापलं होतं. तू लिहिलंस ‘अवांतर’, आणि मराठीसाठी तळमळून बोलणाऱ्याने वाचलं : या ग्रुपमध्ये मराठी अवांतर आहे. तुझ्या मनात तसं नव्हतं, तू माझ्याशी मराठीतच कोड समजून घेतेस, मला ठाऊक आहे. पण त्याला ते कसं कळावं? उद्या तिथे चार ओळी लिही, की धागा सूर चढल्यामुळे बंद केला, विषय अवांतर चॅनलवर खुला आहे, आणि मूळ प्रश्नाचं उत्तर हे घ्या. कोणाचं नाव घेऊ नकोस.

आणि एकटीने हे ओढू नकोस. जोडीला दुसरा अॅडमिन घे. ज्या वादात तुझं स्वतःचं मत घट्ट असेल त्या धाग्यावर त्याला बसव, आणि तुझा निर्णय चुकला वाटला तर तो फिरवायची मुभाही त्याला दे. नोव्हेंबर २०२१ मध्ये रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या समूहात चर्चांवर देखरेख करणाऱ्या सगळ्या मॉडरेटरांनी एकाच वेळी राजीनामा दिला होता. वरचं मंडळ कुणालाच जाब देत नाही, अशी त्यांची तक्रार होती. इतकी मोठी, जाणती माणसं त्या प्रश्नापाशी अडली, मग आपल्या लहानशा ग्रुपमध्ये त्याची सोय सुरुवातीलाच केलेली बरी. रात्री दहानंतर ग्रुप त्याच्याकडे सोपवून तू झोप.

शनिवारी संध्याकाळी मी मोकळी आहे. तलावपाळीला सहा वाजता भेटूया, लॅपटॉप आण, अवांतर चॅनलचे नियम बसून लिहू. त्या मुलीलाही विचार. पनवेलहून ठाण्याची थेट गाडी मिळते. स्टेशनवर तिला घ्यायला मी येते.

तुझी,
काकू