काळ्या मातीत टोमॅटो

प्रश्न: अंगणातली माती काळी चिकट, पावसात चिखल, उन्हात भेगा, टोमॅटोची रोपं पिवळी पडून जातात. वाळू टाकू का? जात कुठली लावू?

उत्तर: ताई, वाळू नको हो, थोड्याशा वाळूने काही होत नाही. चांगलं कुजलेलं शेणखत चौरस मीटरला 2-3 किलो वरच्या वीतभर मातीत मिसळा आणि माती ओली असताना अजिबात खणू नका, ढेकळं दगडासारखी होतात. वाफा उंच करा, मुळाशी पाणी साचलं की रोप गेलंच. जात म्हणाल तर बंगळूरच्या आयआयएचआरची (भारतीय बागवानी संशोधन संस्था) अर्का रक्षक, पर्णगुच्छ व्हायरस (पानं आक्रसून वळतात तो रोग), जिवाणूची मर आणि लवकरचा करपा तिन्हींना टिकते, पण हायब्रीड आहे, बी धरू नका. बी ठेवायचंच असेल तर पुसा रूबी, आंबटसर, सारासाठी मला तीच आवडते.